अकरा महिन्यांचं बिऱ्हाड : गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे आणि एक प्लॅस्टिकची फाइल आहे. ट्रंकेत भाड्याच्या पावत्या आहेत. सगळ्यांत जुनी १९५२ सालची, आजोबांच्या नावाची. शेवटची १९९७ सालची, वडिलांच्या नावाची. पंचेचाळीस वर्षांत भाडं साडेअकरा रुपयांवरून सत्तावीस रुपयांवर गेलं, आणि त्यातही बरीचशी वाढ घरपट्टीची. फाइलीत माझे करारनामे आहेत, २०१६ पासूनचे दहा. चार वेगवेगळ्या घरांचे, पण सगळी घरं सदाशिव पेठेतली, इतकी जवळजवळ की एका घराच्या गॅलरीतून दुसऱ्या घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. दर करार अकरा महिन्यांचा.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि आमच्याकडेच असते. प्रत्येक नव्या घरात सामान लागलं की ती एकच प्रश्न विचारते, "इथली पावती कुणाच्या नावावर आहे गं?" पावती नसते, आता बँकेतून पैसे जातात, हे तिला पटत नाही. तिच्या लेखी पावती नाही म्हणजे आपण पाहुणे. कायद्याचं पुस्तक न वाचता ती अगदी बरोबर बोलते, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

आमचा वाडा पेरुगेटाच्या अलीकडे होता. दिंडी दरवाजा, आत फरसबंदी चौक, चौकात हौद. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी नळ घालून शहरात पाणी आणलं, त्या पाण्याचा हा हौद, असं वडील अभिमानाने सांगायचे. आमच्या वेळी त्यात पाणी नव्हतं, सायकली होत्या. वाड्यात अकरा बिऱ्हाडं. आमचं माडीवर, तीन खणांचं. संडास खाली, तीन बिऱ्हाडांत एक. पावसाळ्यात तुळईला हात लावला की ओल हाताला यायची आणि जिन्याची पाचवी पायरी चुकवा, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं लागायचं. वाड्याच्या आठवणी काढून गहिवरणारी माणसं बहुधा त्या जिन्याने घागर घेऊन चढलेली नसतात.

घरमालकांचं कुटुंबही त्याच वाड्यात, तळमजल्यावर. त्यांची बाजू मला लहानपणी कळली नव्हती, आता कळते. अकरा बिऱ्हाडांचं मिळून महिन्याला त्यांच्या हातात साडेतीनशे रुपयेही पडत नव्हते. एवढ्यात कौलं शाकारायची की तुळई बदलायची? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून घातलं. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात ते गरजेचंच होतं, पण गाठ मारली ती पन्नास वर्षं कुणी सोडली नाही. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की हे गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने जुन्या भाड्यावर वर्षाला चार टक्के वाढ दिली. सत्तावीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया आठ पैसे.

आमच्यावर ती वेळ आली नाही. वाडा १९९७ सालीच पडला. म्हणजे पाडला. बिल्डरने बिऱ्हाडांना सांगितलं, नव्या इमारतीत छोटी जागा घ्या किंवा रोख घेऊन ताबा सोडा. आठ बिऱ्हाडांनी जागा घेतली. वडिलांनी रोख घेतली आणि धनकवडीला एक खोली-स्वयंपाकघर विकत घेतलं. ते चुकले का? तेव्हा नव्हते चुकले. बहिणीचं लग्न होतं, आणि इमारत उभी राहील याची खात्री कुणालाच नव्हती. त्याच जागेवर आज पाच मजली इमारत आहे. तळमजल्यावर मोबाइलचं दुकान आणि एक अभ्यासिका. त्या आठ बिऱ्हाडांपैकी आज तिथे दोनच राहतात. बाकीच्यांची मुलं कोथरूडला, बाणेरला किंवा न्यू जर्सीला. त्यांच्या जागा भाड्याने दिल्या आहेत, आमच्यासारख्यांना.

पेठेत आज कोण राहतं, हे आपल्या खात्याने कधी मोजलं आहे का? मी अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या व्यवसायात काम करते. सकाळी चालत जाताना मला जे दिसतं ते सांगते. एमपीएससीची मुलं, लातूर, बीड, नंदुरबार, चंद्रपूरहून आलेली, एका खोलीत चार किंवा पाच. त्यांचं भाडं खोलीचं नसतं, कॉटचं असतं. 'कॉट बेसिस' हा शब्द आमच्या पेठेने मराठीला दिलेला आहे, त्याचा अभिमान बाळगावा की नाही ठाऊक नाही. २०२० च्या टाळेबंदीत ही मुलं गावाला गेली तेव्हा खानावळी, झेरॉक्सची दुकानं आणि अर्धी पेठ बंद पडली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की पेठ चालते ती या पोरांवर. मग दवाखान्यांसाठी आलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन राहणारी माणसं. लक्ष्मी रोडच्या दुकानांतले कामगार, जे दिवसभर पेठेत असतात आणि रात्री हडपसरला परततात. आणि आम्ही, म्हणजे ज्यांची मुलं इथल्या शाळेत आहेत, नोकरी इथे आहे आणि घर विकत घ्यायची ऐपत नाही. यातला जवळजवळ प्रत्येकजण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाहीच. तो 'लायसन्सी' आहे.

या शब्दाचा अर्थ मी एका वकिलांकडून समजून घेतला. लायसन्सची व्याख्या येते १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टमधून. त्या व्याख्येप्रमाणे मला या घरात कसलाही हक्क मिळत नाही, फक्त परवानगी मिळते. आपल्या शेतातून कुणाला पलीकडे जाऊ द्यावं, तशी. वडिलांना सत्तावीस रुपयांत जो हक्क होता, तो मला अठ्ठावीस हजारांत नाही. हे वाक्य मी तक्रार म्हणून लिहीत नाही. वडिलांचा हक्क जास्तच होता, घरमालकाचा जीव घेण्याइतका. पण त्या टोकावरून आपण थेट या टोकाला आलो. अधली जागा रिकामीच राहिली.

अकरा महिनेच का, याचीही एक गंमत आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिन्यांचा करार करून नोंदणी टाळायची, ही जुनी पळवाट. पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने आपल्या राज्यात हा करार कितीही मुदतीचा असो, नोंदवणं सक्तीचं केलं. ती जबाबदारी घरमालकावर टाकली. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे पळवाट पंचवीस वर्षांपूर्वीच बुजली, तरी आम्ही सगळे अजून तिथूनच ये-जा करतोय.

मुद्रांक शुल्क साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला एकाच दराने लागतं, एकूण भाड्याच्या पाव टक्का. पंचवीस हजार भाडं धरा. पाच वर्षांचा एकच करार केला तर शुल्क ३,७५० रुपये आणि शहरातली नोंदणी फी १,०००. अकरा महिन्यांचे पाच करार केले तर शुल्क ३,४३७ आणि नोंदणी ५,०००, आणि तरी पाच वर्षं भरत नाहीत. डिपॉझिटवरचं किरकोळ शुल्क मी सोडून देते. एजंटची दर वेळची फी सोडून देता येत नाही, कारण तो ती सोडत नाही. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन तो घरी येतो, पंधरा मिनिटांत काम होतं, ही सोय सरकारने उत्तम केली आहे हे मान्य करायला हवं. आईचा अंगठा उमटत नाही, पण तिची सही लागतच नाही. तिचं नाव कुठल्याच करारात नाही.

मग घरमालक लांबचा करार का करत नाहीत? भीतीपोटी. आणि ती भीती सरकारनेच पेरली आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते, त्यांना कायद्यात दुरुस्ती करून एका फटक्यात संरक्षित भाडेकरू, म्हणजे सहजी घराबाहेर काढता न येणारे, केलं गेलं. आमचे आत्ताचे घरमालक तेव्हा शाळेत होते, तरी त्यांना ही तारीख तोंडपाठ आहे. माणूस अतिशय सज्जन. दिवाळीला फराळ पाठवतात. पण तीन वर्षांचा करार म्हटलं की म्हणतात, "वहिनी, तुमच्यावर विश्वास आहे, सरकारवर नाही."

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. २०१९ साली आम्ही ज्या इमारतीत राहत होतो ती पुनर्विकासाला गेली. इमारत तीसेक वर्षांची, म्हणजे एकदा वाडा पाडून बांधलेली आणि आता पुन्हा पाडायची. बैठका गच्चीवर व्हायच्या, आमच्या बरोबर डोक्यावर. खुर्च्या सरकवल्याचे आवाज आम्हाला ऐकू यायचे, पण आम्हाला बोलावणं नव्हतं, आणि तसा नियमही नाही. ऑक्टोबरमध्ये, सहामाही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, एक महिन्याची नोटीस आली. करारात तसं कलम होतं, त्याप्रमाणे ती कायदेशीरच होती.

प्रत्येक फ्लॅटमालकाला बिल्डरकडून पर्यायी घराचं भाडं मिळणार होतं, दरमहा, इमारत पूर्ण होईपर्यंत. शिवाय सामान हलवायचा खर्च. हे योग्यच आहे. पण ज्या घरात मालक राहतच नव्हते, आम्ही राहत होतो, त्या घराचंही हे भाडं मालकांच्याच खात्यात जाणार. आमच्या वाट्याला टेम्पोचं बिल. आणि याहून मोठी गोष्ट मला घर शोधायला निघाल्यावर कळली. त्याच इमारतीतली चौदा कुटुंबं त्याच महिन्यात, त्याच दोन गल्ल्यांत घर शोधत होती. त्यांच्या मुलांच्या शाळाही इथल्याच. फरक एवढाच की त्यांचं भाडं बिल्डर भरणार होता. एजंट मला तोंडावर म्हणाला, "मॅडम, पार्टी पाच हजार जास्त द्यायला तयार आहे, आणि तीन वर्षं नक्की राहणार." एक इमारत पाडली की तिच्या आजूबाजूच्या सगळ्या घरांचं भाडं असं चढतं. आणि पेठेत एका वेळी एकच इमारत पडत नाही. वाडे तर पडतातच, वाड्यांच्या जागी आलेल्या पहिल्या पिढीच्या इमारतीही आता पडायला लागल्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईपर्यंत भुयारी मेट्रो आली, तिचा मला फायदाच झाला आहे. पण घराच्या जाहिरातीत 'मेट्रोपासून पाच मिनिटं' हे शब्दही तिच्याबरोबरच आले.

शनिवारवाड्याच्या शंभर मीटरच्या आत राहणाऱ्यांची कथा उलटी आहे. तिथे जुन्या स्मारकांविषयीच्या २०१० च्या केंद्रीय कायद्यामुळे नवं बांधकामच होत नाही, पडके वाडे टेकू लावून उभे आहेत. तो विषय दिल्लीचा, म्हणून इथे थांबते.

पुनर्विकासाच्या नियमांत मालक आहे, बिल्डर आहे, जुना भाडेकरू आहे. जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मिळते, आणि त्याला ती दिली म्हणून बिल्डरला जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधायची मुभा. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, ३५ लाख घरांचं उद्दिष्ट ठेवलं. विद्यार्थी, नोकरदार महिला, ज्येष्ठ नागरिक यांचाही त्यात विचार आहे. आमच्या घरात या तिन्ही वर्गांतलं एकेक माणूस आहे, म्हणून मी उत्सुकतेने वाचलं. पण ज्या घरात ही माणसं आज, या क्षणी भाड्याने राहतात, त्या घरातून त्यांना कसं आणि किती दिवसांत बाहेर काढता येतं, या प्रश्नाचं उत्तर नवी घरं बांधून मिळत नाही.

कायद्यातला तोल कसा आहे पाहा. माझा करार संपल्यावर मी घर सोडलं नाही, तर घरमालकांना सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे भाडे कायद्याखाली ताबा मिळवून देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथे मला आपली बाजू मांडायचीसुद्धा आधी परवानगी मागावी लागते, तीही तीस दिवसांच्या आत. मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट भाडं. हे सगळं कडक आहे, पण मला त्यात अन्याय दिसत नाही. अशी खात्री असल्याशिवाय कुणी आपलं घर देणार नाही. पण तेच घर मी वेळेवर, झाडून-पुसून सोडलं आणि घरमालकांनी माझं पाऊण लाखाचं डिपॉझिट परत केलं नाही, तर? मग दिवाणी कोर्ट. तिसऱ्या घरात हे झालं. रंगाचे तीस हजार कापले, बेसिनला तडा गेल्याचे आठ हजार. तडा आम्ही राहायला गेलो तेव्हाच होता, माझ्याकडे फोटो आहे. वकील म्हणाले, अडतीस हजारांसाठी किती वर्षं चपला झिजवणार? मी सोडून दिलं. अशी सोडून दिलेली डिपॉझिटं मोजली तर पेठेत एखादी इमारत उभी राहील.

केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, आणि भाड्याच्या तंट्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आणि न्यायालय हवं, असं त्यात आहे. तो मसुदा जसाच्या तसा घ्या असं मी म्हणत नाही. त्याचं नाव काढलं की वाड्यांतल्या आणि मुंबईच्या चाळींतल्या जुन्या भाडेकरूंच्या पोटात गोळा येतो, आणि पावत्यांच्या ट्रंकेशेजारी झोपलेली माणसं मला चांगली ठाऊक आहेत. पण तो मसुदा आधीपासूनच्या भाडेकरूंना लागूच होत नाही, तो पुढच्या करारांपुरता आहे, हे कुणीतरी त्यांना नीट मराठीत सांगायला हवं होतं. त्यांना हात न लावता आपल्याला आमच्यापुरती दोन-तीन कलमं करता येतील.

डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा घाला आणि ते परत देण्याला मुदत. जो सक्षम प्राधिकारी घरमालकाला घराचा ताबा मिळवून देतो, त्याच्याच टेबलावर मला माझं डिपॉझिट मागता येऊ द्या. नवी कचेरी नको, नवा साहेब नको. इमारत पुनर्विकासाला जाणार हे ठरलं की त्यात राहणाऱ्या लायसन्सींना किमान सहा महिने आधी लेखी कळवणं बंधनकारक करा, आणि चालू शैक्षणिक वर्षात काढू नका. बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यातला एखादा महिना, जो खरोखर घर हलवतो त्याच्या वाट्याला आला तर कुणाचं फार बिघडेल असं वाटत नाही.

आणि तीन वर्षांच्या कराराला काहीतरी आमिष लावा. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला घरपट्टीत चाळीस टक्के सवलत आहे. घर भाड्याने दिलं की ती जाते. आमचे घरमालक तेवढे पैसे भाड्यात धरतात, लपवतही नाहीत. जो मालक तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करेल, वार्षिक वाढ त्यात आधीच लिहून देईल आणि मधल्या काळात फक्त स्वतःला राहायला घर हवं असेल तरच ते परत मागेल, त्याची ही सवलत चालू ठेवा. घरपट्टी महापालिकेची आणि महापालिका नगरविकास खात्याची, हे मला कळतं. पण दोन्ही खात्यांच्या फायली मंत्रालयात एकाच जिन्याने चढत असतील. आणि त्याच कायद्यात स्वच्छ लिहा की असा करार करणारा भाडेकरू कधीही, कुठल्याही पुढच्या दुरुस्तीने, संरक्षित भाडेकरू होणार नाही. आमच्या घरमालकांना १९७३ विसरायला लावायचं तर ते वाक्य लागेल. मलाही ते मान्य आहे. मला हे घर बळकावायचं नाही. मुलीची दहावी एका पत्त्यावर व्हावी, एवढं हवंय.

एक गोष्ट कायद्याने सुटणार नाही, तरी लिहिते. घर बघायला गेल्यावर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "आडनाव?" त्यानंतर "नॉनव्हेज करता का?" आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काहीच कळत नाही, त्यामुळे पुढचे प्रश्न फार आडवळणाने येतात. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीचं आडनाव ऐकल्यावर तीन घरं त्याच दिवशी 'कालच गेली' होती. चौथं मी माझ्या नावाने फोन करून पाहिलं, तर ते रिकामं होतं. ती आता कात्रजला राहते.

आमचा सध्याचा करार ३१ मार्चला संपतो. घरमालकांचा मुलगा परदेशातून परत येण्याचं चाललंय, आला तर तो इथे राहील, आणि त्याचंच घर आहे. या पत्राचं उत्तर द्यावंसं वाटलं तर मार्चअखेरपर्यंत पाठवा. त्यानंतरचा पत्ता मला अजून माहीत नाही. पिनकोड मात्र ४११०३० च ठेवायचा प्रयत्न आहे.

आपली,
सदाशिव पेठेतली एक लायसन्सी